चार लाख कोरडी बोटे

2024 च्या लोकसभा निवडणुकीत बारामुल्लातून अब्दुल रशीद शेख निवडून आले, तेव्हा ते दिल्लीच्या तिहार तुरुंगात कच्चे कैदी होते. लाखो लोकांनी त्यांना मत दिले. त्यांना स्वतःला मात्र कोणालाच मत देता येत नव्हते. 1977 साली मुझफ्फरपूरच्या मतदारांनी जॉर्ज फर्नांडिस यांना असेच गजांआडून उचलून संसदेत नेऊन बसवले. मुंबईच्या या कामगार पुढाऱ्यालाही कायद्याने मतपत्रिका नाकारलेलीच होती. म्हणजे या देशात तुरुंगात बसून खासदार होता येते, आणि फर्नांडिसांसारखे पुढे मंत्रीही होता येते. मत तेवढे देता येत नाही! हा कायदा कोणत्या शुद्धीत लिहिला गेला, असे कोणी विचारले तर त्याला उद्धट कसे म्हणावे?

तो कायदा नीट वाचूच या. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 62, उपकलम 5. जो माणूस तुरुंगात आहे, मग तो कैदेच्या शिक्षेखाली असो, काळ्या पाण्याच्या शिक्षेखाली असो, ‘ऑर अदरवाइज’, किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात असो, त्याने कोणत्याही निवडणुकीत मत द्यायचे नाही. काळे पाणी! अंदमानच्या कोठड्यांचे स्मारक झाले, ती शिक्षा दंडसंहितेतून 1955 च्या दुरुस्तीने गेली, 2024 साली ती दंडसंहिताही गेली. पण मतदाराचे तोंड बांधणाऱ्या या कलमात काळे पाणी अजून ठाण मांडून बसले आहे. अर्थात त्या शब्दाने आज कोणाचे काही बिघडत नाही. घात करतात ते त्याच्या पाठीमागून येणारे दोन शब्द. ऑर अदरवाइज. मराठीत सांगायचे तर ‘किंवा एरवीही’.

या ‘एरवी’त कोण येतो? ज्याच्यावर अजून आरोप निश्चित झालेला नाही, तो. ज्याचा साक्षीदार तीन तारखांना आलाच नाही, तो. जो उद्या निर्दोष सुटणार आहे, तोही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2022 चा तुरुंगविषयक अहवाल सांगतो की देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 हे कच्चे कैदी होते. शंभरातले शहात्तर! कच्च्या कैद्यांच्या संख्येत उत्तर प्रदेश आणि बिहार यांच्या पाठोपाठ आपला पुरोगामी महाराष्ट्र. यांतले दोन-तृतीयांश लोक अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांतले. ज्यांच्या मतांसाठी दर पाच वर्षांनी पुढारी वस्त्यांमधून हात जोडत फिरतात, त्यांचीच ही मुले. कायद्याच्या लेखी ही चार लाख बोटे कोरडीच राहायला हवीत.

हे लोक आत का आहेत, याचे उत्तर भलेभले ‘गुन्हा गंभीर असेल’ असे देऊन मोकळे होतात. मागच्या निवडणुकीच्या आधीच्या आठवड्यात एका जिल्हा न्यायालयाच्या आवारात, जिन्याखाली, स्टॅम्प व्हेंडरच्या टेबलाला टेकून पन्नाशीची एक बाई बसलेली आम्ही पाहिली. मुलाला जामीन मंजूर झाला होता. मंजूर होऊन दोन महिने उलटले होते. न्यायालयाला पंधरा हजारांचा ऐपतदार जामीनदार हवा होता. सातबारा दिराच्या नावावर, आणि दीर काही सही करायला येत नव्हता. तिने पिशवीतून रेशनकार्डाचे प्लास्टिकचे पाकीट काढले आणि त्यातून एक चिठ्ठी. अंगणवाडीच्या बाईंनी घरोघर वाटलेली मतदार चिठ्ठी, मुलाच्या नावाची, खोली क्रमांकासकट. “ही तिकडं नेऊन दिली तर चालंल का, वकीलसाहेब?” वकिलाने नुसती मान हलवली. त्या मुलाचे नाव यादीत आहे, पत्ता बरोबर आहे, गुन्हा शाबीत नाही, न्यायाधीशाने ‘सोडा’ म्हटलेले आहे. त्याच्या आणि मतपेटीच्या मध्ये उभा आहे तो फक्त तहसील कचेरीतून मिळणारा ऐपतीचा दाखला. 1935 च्या कायद्याखाली मताचा अधिकार मुख्यतः मालमत्तेवर ठरत होता. ती अट आम्ही राज्यघटनेने मोडून काढली असे शाळेत शिकवतो. मोडली कुठे? तुरुंगाच्या दिंडीदरवाजातून ती परत आत आली आहे.

याची दुसरी बाजू पाहा, म्हणजे रक्त आणखी तापेल. खालच्या न्यायालयात दोषी ठरलेला, शिक्षा झालेला, पण अपिलात जामिनावर सुटलेला धनदांडगा मतदानाच्या दिवशी पांढरेशुभ्र कपडे घालून केंद्रावर जातो, शाईचे बोट वर करून फोटो काढतो. कलम त्याला अडवत नाही, कारण तो ‘आत’ नाही. दोषी बाहेर मत देतो आणि निर्दोष मानला गेलेला आत गप्प बसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

आणि याच उपकलमाला एक परंतुक आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्या माणसाला मात्र मत देता येते! सरकारच्या मते जो इतका धोकादायक आहे की खटला न चालवताच त्याला डांबावे लागले, त्याच्यासाठी 1961 च्या निवडणूक नियमांत टपाली मतपत्रिकेची सोय आहे. त्याचे नाव आणि ठावठिकाणा सरकारने निवडणूक अधिकाऱ्याला आपणहून कळवायचा आहे. म्हणजे कोठडीत मतपत्रिका पोचवायची रीत ठरलेली आहे, लिहिलेली आहे, पाळलीही जाते. मोबाइल चोरल्याच्या आरोपाखाली बसलेल्या पोरासाठी मात्र तोच टपाल खात्याचा शिपाई रस्ता विसरतो.

आता कोणी म्हणेल, संसदेला वेळ मिळाला नसेल. मिळाला होता. तोच तर खरा संतापाचा मुद्दा. पाटणा उच्च न्यायालयाने 2004 साली सरळ तर्क मांडला: ज्याला मत देता येत नाही तो मतदार नव्हे, आणि जो मतदार नव्हे त्याला उमेदवार होता येणार नाही. 10 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तुरुंगातून निवडणूक लढवण्याची वाट बंद! आणि मग काय धावपळ उडाली! एरवी महत्त्वाची विधेयके वर्षानुवर्षे धूळ खात पडतात. इथे तीन महिने उलटायच्या आत दोन्ही सभागृहांत दुरुस्ती मंजूर, तीही निकालाच्या तारखेपासून मागे लागू. नेमके हेच उपकलम 5 उघडले गेले. पेन याच ओळीवर टेकले. आणि लिहिले काय, तर या बंदीमुळे मत देता आले नाही तरी यादीत नाव असलेला माणूस ‘मतदार’ असणे थांबत नाही. मत न देऊ शकणारा मतदार! पाणी नसलेली विहीर सरकारी कागदावर असते, तसा. उमेदवारीची दोरी कापली जात होती तेवढी पटकन गाठ मारून घेतली, आणि चार लाखांच्या गळ्यातला फास होता तसा ठेवला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे, हे एखाद्या कायद्यात इतक्या स्वच्छ अक्षरांत क्वचितच लिहिले गेले असेल. ज्या लोकसभेच्या 543 पैकी 251 सदस्यांनी 2024 साली आपल्यावर फौजदारी खटले असल्याचे स्वतःच्याच प्रतिज्ञापत्रांत लिहून दिले, तिला कच्च्या कैद्याची व्यथा कळू नये, हेही एक नवलच.

महाराष्ट्राला हे कलम कळले ते जून 2022 मध्ये. अनिल देशमुख आणि नवाब मलिक हे दोन आमदार कोठडीत होते, राज्यसभेची आणि पाठोपाठ विधान परिषदेची निवडणूक आली, आणि एकेक मत मोलाचे झाले. मुंबई उच्च न्यायालय झाले, सर्वोच्च न्यायालय झाले. मत काही देता आले नाही. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे, हा आमचा आजचा विषय नाही. आमचा प्रश्न त्या आठवड्यातल्या गहजबाविषयी आहे. दोन मतांसाठी वाहिन्यांवर रात्र-रात्र चर्चा, ज्येष्ठ वकिलांची फौज, लोकशाहीचा खून झाल्याची गर्जना. आर्थर रोड तुरुंगाच्या भिंतीआड, बराकीत दाटीवाटीने झोपणाऱ्या शेकडो कच्च्या कैद्यांची मते तर प्रत्येक निवडणुकीत मरतात. त्यांचे सुतक कोणत्या पक्षाने पाळले?

न्यायालयांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. 1997 साली अनुकूलचंद्र प्रधान यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हे उपकलम वैध ठरवले. कारणे कोणती? मतदानासाठी कैद्यांची ने-आण करायची तर पोलीसबळ लागेल. माणूस स्वतःच्या वागण्याने तुरुंगात गेला आहे, त्याने बाहेरच्यांइतके स्वातंत्र्य मागू नये. आणि गुन्हेगारांना निवडणुकीपासून दूर ठेवायला हवे. पोलीसबळाचे उत्तर टपाली मतपत्रिकेने दिलेले आहे. ‘स्वतःच्या वागण्याने’ म्हणजे कोणत्या वागण्याने, हे ठरवायलाच तर खटला चालू आहे! आणि गुन्हेगारांना दूर ठेवायचे ते मतदानापासून, उमेदवारीपासून नाही? राज्यघटनेच्या अनुच्छेद 326 मध्ये मताधिकार काढून घेण्याची जी मोजकी कारणे आहेत, त्यांत ‘गुन्हा’ हा शब्द आहे. ‘आरोप’ हा शब्द नाही. बाबासाहेबांच्या मसुदा समितीला या दोन शब्दांतला फरक कळत नव्हता, असे म्हणायची कोणाची छाती आहे? 2019 साली कायद्याच्या एका विद्यार्थ्याने हेच गाऱ्हाणे घेऊन सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. सरकारला आणि निवडणूक आयोगाला नुसती नोटीस निघायला ऑक्टोबर 2022 उजाडला. स्वतःचा मुद्दा असला की तीन महिन्यांत कायदा, गरिबाचा असला की तीन वर्षांत नोटीस.

ज्या इंग्रजांकडून कैद्याला नागरी मृत्यू देण्याची ही रीत आपण उचलली, त्यांच्याकडे आज खटला प्रलंबित असलेल्या कैद्याला मत देता येते. दक्षिण आफ्रिकेत 1999 च्या एप्रिलमध्ये घटना न्यायालयाने कैद्यांची नावनोंदणी करा असे बजावले. जूनमध्ये निवडणूक होती, आणि शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांनीही मत दिले. सत्तावीस वर्षे कैदेत काढलेला माणूस तेव्हा त्या देशाचा अध्यक्ष होता, हा कदाचित योगायोग नसेल. आमच्याही कित्येक नेत्यांनी येरवड्याची भाकरी खाल्ली, आणीबाणीत तर आजच्या सत्ताधाऱ्यांच्या वडीलधाऱ्यांनीही खाल्ली. बाहेर आल्यावर बराकीत मागे राहिलेल्यांना ते विसरले.

आमच्या निवडणूक आयोगाला रस्ते सापडत नाहीत असे नाही. गीरच्या जंगलात बाणेजला एका मतदारासाठी यंत्र, अधिकारी, पोलीस असा सगळा लवाजमा सिंह ओलांडून जातो आणि आयोग त्याची छायाचित्रे अभिमानाने दाखवतो. पंच्याऐंशी ओलांडलेल्या आजोबांच्या घरी मतपत्रिका जाते. उत्तमच आहे. पण कायदा बदला असे सरकारला खडसावून सांगायला या आयोगाची जीभ का जड होते?

मागणी एका ओळीची आहे. ‘ऑर अदरवाइज’ हे शब्द खोडा, पोलीस कोठडीचा उल्लेख खोडा, आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्धाला मिळते ती टपाली मतपत्रिका प्रत्येक कच्च्या कैद्याला त्याच्या गावच्या मतदारसंघासाठी द्या. तुरुंगात असल्याने माणसाचे राहते घर बदलत नाही, असे 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतोच, तेव्हा एकाच तुरुंगातली हजार मते एकाच मतदारसंघावर कोसळतील ही भीतीही खोटी. ज्या वकील संघटना चहाच्या टेबलावर घटनेच्या गप्पा मारतात, त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून याचिकांत सामील व्हावे. विधी सेवा प्राधिकरणाचे वकील तुरुंगभेटीला जातात, त्यांनी तिथेच यादीतली नावे तपासावीत, गळालेली असतील तर अर्ज भरून घ्यावेत. आणि मते मागायला दारात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, उंबऱ्यावरच थांबवून विचारावे: 2013 साली तुमच्या पक्षाने उपकलम 5 उघडले तेव्हा पेन कोणाच्या बाजूने चालवले होते?

जिन्याखालच्या त्या बाईने चिठ्ठीची घडी घालून ती पुन्हा रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवली आणि दीर आला का ते पाहायला फाटकाकडे गेली.