बिनविरोध विश्वासाचे ऋण

एकलहऱ्याचे नाव निघाले की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आठवतात. त्या चिमण्या उभ्या राहण्यापूर्वी, 1963 मध्ये, नाशिकच्या मतदारांनी मतपत्रिकेवर शिक्काही न उमटविता देशाच्या संरक्षणमंत्र्यास लोकसभेत पाठविले. पोटनिवडणुकीत यशवंतराव चव्हाणांविरुद्ध कोणीही उभे राहिले नाही.

यशवंतराव सैनिक नव्हते. कऱ्हाडात वकिली केलेला, 1942 च्या लढ्यात भूमिगत राहिलेला हा नेता चीनकडून झालेल्या पराभवानंतर, नोव्हेंबर 1962 मध्ये, मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीस गेला. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे त्या वेळी म्हटले गेले. महाराष्ट्राने हे वाक्य अभिमानाने जपले. त्यामागील परिश्रम मात्र फारसे स्मरणात ठेवले नाहीत. खचलेल्या सैन्याचे मनोधैर्य सावरणे, डोंगरी युद्धासाठी स्वतंत्र डिव्हिजन उभारणे, 1964 मध्ये संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना आखणे, ही कामे टाळ्या मिळविणारी नव्हती. 1 सप्टेंबर 1965 रोजी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकले, तेव्हा हवाई दलाच्या वापरास त्यांनी तत्काळ अनुमती दिली. युद्ध कसे लढावे हे सेनानींनी ठरवावे, ते का व कोणत्या मर्यादेत लढावे हे लोकप्रतिनिधींनी ठरवावे, हा विवेक त्यांनी पाळला. याच काळात ओझरला मिग विमानांचा कारखाना आला आणि नाशिकचे नाव देशाच्या संरक्षणाशी कायमचे जोडले गेले.

तथापि, एक हिशेब अपुरा आहे. 2 सप्टेंबर 1963 रोजी यशवंतरावांनी पराभवाच्या चौकशीचा सारांश संसदेपुढे ठेवला आणि प्रशिक्षण, शस्त्रसामग्री व नेतृत्व यांतील उणिवा मान्य केल्या. मूळ अहवाल मात्र गोपनीय राहिला. शत्रू सीमेवर असताना ते समर्थनीय होते. पुढे कित्येक सरकारे आली आणि गेली. अहवालावरील शासकीय पडदा मात्र उठला नाही. याचे समर्थन कसे करावे?

बिनविरोध निवड हा नेत्याचा गौरव खरा. पण ज्याला कोणी विरोध केला नाही, त्याच्यावरील उत्तरदायित्व दुप्पट होते. यशवंतरावांनी आपल्या वाट्याचे ऋण कर्तृत्वाने बऱ्याच अंशी फेडले. उरलेले ऋण शासनाचे आहे आणि संपूर्ण सत्य जनतेपुढे ठेवल्यावाचून ते फिटणार नाही.