वायफायची पेटी कुठे ठेवाल?



आपल्या डहाणू-तलासरी पट्ट्यात भातकापणीच्या वेळी परतीचा पाऊस विजा घेऊन येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजेची सूचना देते. पण घरात नेटच लागत नसेल, तर शेतातल्या माणसांना हाक मारायची कधी?

तलासरीकडील एका पाड्यावर हीच तक्रार ऐकली. पाहतो तो राऊटर, म्हणजे वायफायची पेटी, मागच्या खोलीत लोखंडी कपाटाआड! तुषार सिंचनाचा फवारा बांधावर लावला, तर निम्मे पाणी शेजाऱ्याच्या शेतात जाते. तसेच हे.

प्रथम दोष कुठे आहे ते पाहावे. फोन पेटीजवळ न्या. तेथे नेट नीट चालले, तर दोष घरातल्या जागेचा. तेथेही रखडले, तर बहुधा बाहेरच्या जोडणीचा. मग कंपनीला कळवा.

जागेचा दोष बिनखर्चात जातो. पेटी घराच्या मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर, उघडी ठेवा. पत्रा, लोखंड, पाण्याची टाकी व जाड भिंत लहरी अडवतात. कुडाची भिंत फारशी अडवत नाही. फोनमध्ये वायफायची दोन नावे दिसल्यास लांबच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झचे घ्या. ५ चे वेगवान खरे, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते.

मात्र गडगडाट ऐकू आला, की सूचनेची वाट पाहू नका. शेत सोडून पक्क्या घरात या. पेटीची पिन विजा येण्याआधीच काढलेली बरी.