पॉइंट्स नकोत, पास काढा!

सकाळच्या लोकलला कामशेतला चढलात तर हे संभाषण तुमच्याही कानावर पडलं असेल. दारापाशी उभं राहायला कशीबशी जागा मिळते, खिशातून मोबाईल बाहेर येतो आणि वडगाव येईपर्यंत कुणीतरी कुणाला तरी सांगत असतं, "अरे, रेल्वेचं कार्ड काढून टाक ना! तिकिटावर पॉइंट्स मिळतात. साठले की फुकट प्रवास." ऐकणारा मान डोलावतो. फुकट म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

मीपण डोलावली होती. मग एका रविवारी कागद-पेन घेऊन हिशोब करायला बसले. तो हिशोब तुमच्यासमोर ठेवते, कारण आपल्यातले बरेच जण सध्या याच वळणावर उभे आहेत. एकविशी ओलांडली, इंटर्नशिपचे चार पैसे यायला लागले आणि कार्डवाल्यांचे फोनही यायला लागले.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. अमेरिकेत अ‍ॅमट्रॅक ही रेल्वे कंपनी आपल्या 'गेस्ट रिवॉर्ड्स' योजनेचे पॉइंट्स थेट पैसे घेऊन विकते. आपल्याकडे तसं दुकान नाही. पण पॉइंट्स आपणही विकतच घेतो, फक्त त्याला 'वार्षिक फी' म्हणतो. आयआरसीटीसी आणि एसबीआय कार्ड यांचं प्लॅटिनम कार्ड घ्या. घेताना ५०० रुपये, पुढे दरवर्षी ३०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे पहिल्या वर्षी ५९० आणि नंतर दरवर्षी ३५४ रुपये. सुरुवातीला ५०० रुपयांची एक खरेदी वेळेत केली की ३५० पॉइंट्स बोनस. एक पॉइंट म्हणजे एक रुपया, आणि तो वापरायचा आयआरसीटीसीच्या तिकिटासाठी. इथपर्यंत सगळं छान.

आता खरी मेख. जाहिरातीतला 'दहा टक्के परत' हा आकडा फक्त एसीच्या तिकिटांना आहे. फर्स्ट, सेकंड, थर्ड एसी, एक्झिक्युटिव्ह आणि एसी चेअरकार. स्लीपरला नाही. बाकीच्या खर्चावर १२५ रुपयांमागे एक पॉइंट. लोणावळा ते पुणे लोकलचं तिकीट १५ रुपये. त्या हिशोबाने एक पॉइंट मिळवायला आठ वेळा तिकीट काढून झालं तरी पाच रुपये कमीच पडतात!

३५४ रुपये वसूल व्हायचे तर वर्षाला ३,५४० रुपयांची एसी तिकिटं काढायला हवीत, किंवा इतर खर्च ४४,२५० रुपयांचा करायला हवा. आपल्यापैकी कितीजणांच्या खिशात हे बसतं, तुम्हीच सांगा.

कार्ड वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ते कुणासाठी आहे, एवढाच प्रश्न आहे. समजा तुम्ही तळेगावला हॉस्टेलवर राहता, घर विदर्भात आहे आणि वर्षातून चार वेळा थर्ड एसीने प्रवास होतोच. एका वेळचं तिकीट १,२०० धरलं तर ४,८०० रुपयांवर ४८० पॉइंट्स. फी वजा जाता १२६ रुपये हातात. फायदा आहे, छोटासा आहे, पण आहे.

गडबड होते ती इथे. तोच विद्यार्थी एरवी स्लीपरने ४५० रुपयांत गेला असता आणि आता 'पॉइंट्स मिळतात' म्हणून थर्ड एसी काढतो. म्हणजे १२० रुपयांच्या पॉइंट्ससाठी ७५० रुपये जास्त मोजतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्यात एखाद्या महिन्याचं बिल थकलं तर क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर लेट फी वेगळी. वर्षभर साठवलेले पॉइंट्स एका फटक्यात साफ.

"मग काय, काहीच मिळवायचं नाही का?" असं विचाराल. मिळवायचं ना! पण ते कार्डात नाही, स्टेशनच्या खिडकीवर आहे. त्याला पास म्हणतात.

हसू नका, हिशोब बघा. महिन्यात २० दिवस लोणावळा-पुणे ये-जा केली तर सुटी तिकिटं होतात ६०० रुपयांची. मासिक पास त्याच्या निम्म्याहूनही कमी पैशांत येतो. त्यात कॉलेजच्या ऑफिसमधून सवलतीचा फॉर्म सही-शिक्क्यानिशी आणला की विद्यार्थ्यांना पास अर्ध्या किमतीत. आठवड्यातून दोनच दिवस लेक्चर असेल तरी हा पास परवडतो. आणि मुलींनो, हे खास तुमच्यासाठी: रेल्वेच्या सवलतींच्या यादीत मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शिक्षणसंस्था असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत आहे. कॉलेजच्या ऑफिसात आणि खिडकीवर जाऊन एकदा विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

अजून एक गंमत. तीन महिन्यांचा पास मासिक पासच्या २.७ पट दराने मिळतो. म्हणजे सरळ दहा टक्के सूट. कार्डवाले फी घेऊन देतात तोच आकडा, इथे फीशिवाय! सहामाही पास ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट, म्हणजे तिथेही दहाच टक्के. त्यामुळे वर्षाचे पैसे एकदम अडकवून जादा काहीच मिळत नाही. तिमाहीचाही विचार करूनच घ्या. तिमाहीत वाचणारे दहा टक्के म्हणजे नव्वदातले नऊ दिवस. मध्ये दिवाळीची सुट्टी नऊ दिवसांपेक्षा मोठी येत असेल तर मासिक पासच बरा. सुट्टीत काढायचाच नाही, झालं.

आणि जे कधीमधीच लोकलने जातात, पावसाळ्यात मळवलीला उतरून भाज्याची लेणी बघायला येतात, त्यांनी मोबाईलवर आर-वॉलेटमधून तिकीट काढावं. २०२५च्या जुलैत आलेल्या 'रेलवन' अ‍ॅपवरही ते चालतं. अनारक्षित तिकिटावर ३ टक्के सवलत आहे. १५ रुपयांवर ४५ पैसे. श्रीमंत कुणी होणार नाही, पण रांग वाचते. तिथला खरा फायदा तोच.

इथवर झाला पैशांचा हिशोब. आता मनातलं बोलते.

या पॉइंट्सच्या योजनांना इंग्रजीत 'लॉयल्टी' म्हणतात, म्हणजे निष्ठा. मला प्रश्न पडतो, निष्ठावान प्रवासी नक्की कोण? वर्षातून दोनदा एसीने जाणारा, की नाणे मावळातल्या गावातून एसटी नाहीतर वडाप पकडून कामशेत गाठणारी, तिथून लोकलने शिवाजीनगरला जाणारी आणि संध्याकाळी तीच वाट उलटी करणारी पोरगी? १९७८ पासून ही लोकल धावते आहे. काही घरांमध्ये आजोबा पिंपरीच्या कारखान्यात याच लोकलने गेले, वडील गेले, आता नातवंडं कॉलेजला जातात. तीन पिढ्यांच्या या निष्ठेचे पॉइंट्स कुठल्या खात्यात जमा झाले?

आपल्याला पॉइंट्स नकोतच. आपल्याला हवी आहे दुपारची गाडी. सकाळचं कॉलेज बारा-साडेबाराला सुटतं आणि नेमकं त्याच सुमारास लोकलच्या वेळापत्रकात काही तासांचं खिंडार पडतं. तेव्हा रुळांच्या देखभालीचं काम चालतं, आणि ते गरजेचंच आहे. पण पुणे-लोणावळा दरम्यान रूळ दोनच. त्यावरूनच एक्स्प्रेस, मालगाड्या आणि लोकल. मग थांबायचं कुणी? लोकलने. त्यातून प्लॅटफॉर्मवर गेलेले तास, न लागलेली पार्टटाइम नोकरी, "एवढा उशीर का होतो?" म्हणून घरी झालेली बोलणी, याची किंमत कुठल्याच कार्डावर दिसत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. ती रुळांवर दिसेल तेव्हा खरी. तोवर दुपारच्या वेळेचा काहीतरी मार्ग निघावा, ही मागणी लावून धरणं आपल्याच हातात आहे.

पास काढणं मला त्यासाठीपण महत्त्वाचं वाटतं. एरवी आपण नुसतीच गर्दी. पास काढला की रेल्वेच्या दप्तरात आपण रोजचे प्रवासी म्हणून मोजले जातो. "एवढे विद्यार्थी या मार्गावर आहेत, त्यांना दुपारी गाडी द्या" असं म्हणायचं तर तो आकडा आधी दिसायला हवा. एक दिवस विनातिकीट निभावून नेणारे पंधरा रुपये वाचवतात आणि आपलीच मागणी कमकुवत करतात. पकडले गेले तर दंड किमान अडीचशे, तो वेगळाच.

तेव्हा उद्या सकाळी दारात उभं राहून कुणी पॉइंट्सचं सांगायला लागलं तर त्याला दोनच प्रश्न विचारा. वर्षाला एसीची किती तिकिटं काढतोस? आणि पास आहे का?

दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, तर आधी कॉलेजच्या ऑफिसमधून फॉर्म आणायला सांगा. शक्यतो तुम्हीही सोबत जा.