बोटावरचा आलेख आणि पनवेलचे गुडघे

स्पष्टच लिहितो. राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

अंगावर चिकटवायच्या सेन्सरचं सध्या फार कौतुक चाललंय. हायड्रोजेलची लवचिक पट्टी सांध्यावर लावायची, सांधा किती वाकला ते मोबाइलवर बघायचं. व्हिडिओ बघाल तर बहुतेकांत तेच दृश्य: कुणा तरुणाचं बोट वाकतं, आलेख वर. बोट सरळ, आलेख खाली. टाळ्या!

आधी वस्तू समजून घेऊ. हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारं पॉलिमरचं जाळं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स याच जातकुळीतली. त्यात क्षार असले की वीज वाहते. पट्टी ताणली की लांब आणि बारीक होते, विजेला अडथळा वाढतो, त्यावरून कोनाचा अंदाज बांधतात. कल्पना उत्तमच आहे. फिजिओथेरपिस्ट कोनमापक लावून ओपीडीत माप घेतो ते त्या क्षणापुरतं. घरी गेल्यावर गुडघा किती हलला, हे पट्टी सांगू शकेल.

पण गुडघा कोणाचा?

सपाट रस्त्यावर चालताना गुडघा साधारण ६० अंश वाकतो, खुर्चीत बसताना ९०. उकिडवं बसलं की १२० च्या पुढे. नेरे-मालडुंग्याकडे भातलावणीत दिवसभर चिखलात वाकणारी बाई, मासळी बाजारात खाली बसून मासे विकणारी मावशी, कळंबोलीच्या लोखंड बाजारातला माथाडी, यांचे गुडघे त्या तरुणाच्या बोटासारखे वागणार आहेत का?

त्यात आपली हवा. कोरड्या एसीत जेलमधलं पाणी उडतं. पनवेलच्या मे महिन्यात पट्टीखाली खारट घाम साचतो, पट्टी सुटायला लागते. दोन्ही वेळा आकडा बदलतो, गुडघा मात्र जागचा हललेला नसतो! अशा आकड्यावर व्यायाम ठरवायचा?

हे जमत नाही असं कोणी सांगू नका. १९६८ मध्ये जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला. परदेशी पायाला बूट लागायचा, त्यावर उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे. यांनी आपला माणूस कसा बसतो, कसा अनवाणी चालतो ते आधी पाहिलं आणि मग रबराला हात घातला. म्हणून तो पाय शेतात चालला.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. चांगलंच केलं. पण ऑपरेशननंतर व्यायाम झाला नाही तर गुडघा आखडतो, आणि तिथे गरिबाच्या मदतीला कोण? रोजंदारी बुडवून, रिक्षाचे पैसे मोजून तो किती वेळा फिजिओथेरपीला येणार? या पट्टीचा खरा उपयोग तिथे आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जनतेचा पैसा या पट्ट्यांवर खर्च करायचा असेल, मग तो संशोधनाला असो की खरेदीला, तर तीन अटी घाला. एक, चाचणी आपल्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, कष्टकऱ्यांच्या गुडघ्यांवर, त्यांना नीट समजावून आणि त्यांच्या संमतीने. दोन, आकडे बघायला पगारी फिजिओथेरपिस्ट. पट्टी माप घेईल, आखडलेला गुडघा काही मोकळा करणार नाही. तीन, ती माहिती रुग्णाची. विमा कंपनीला किंवा मुकादमाला त्याच्या परवानगीशिवाय द्यायची नाही.

"गरिबाला कशाला हवेत सेन्सर?" असं विचारणारेही भेटतात. त्यांना एवढंच सांगतो, ज्याचं पोट गुडघ्यावर चालतं त्यालाच ते सगळ्यात आधी हवेत.

पटलं तर पुढे पाठवा. पुढच्या वेळी नगरसेवक, आमदार आरोग्य शिबिराचा बॅनर लावतील तेव्हा विचारा: शिबीर झालं, आता व्यायाम कोण करून घेणार?