ड्रोन जिना चढत नाही

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी पुण्यात आठ महिने डिलिव्हरी केली. जेवण, किराणा, चार्जर, काय वाट्टेल ते. त्यामुळे 'आता ड्रोन घरपोच सामान आणणार' असा व्हिडिओ ग्रुपवर पडला की सगळे आभाळाकडे बघतात आणि मला जिना आठवतो.

गाडी चालवणं सोपं होतं. जीव जायचा तो गेटपासून दारापर्यंत. पत्ता म्हणजे 'मारुतीच्या देवळामागे, पिवळी बिल्डिंग'. मग वॉचमनची वही. मग लिफ्टवरची पाटी : 'डिलिव्हरी बॉयने वापरू नये'. पाचव्या मजल्यावर धापा टाकत बेल वाजवली की आतून आवाज, "थांबा हं, ओटीपी मुलाच्या मोबाइलवर गेलाय."

आणि हे नीट वाचा : मला पैसे किलोमीटरचे मिळायचे. जिन्याचे शून्य.

आता ड्रोन यातलं नेमकं काय करणार? किलोमीटर. म्हणजे ज्याचे पैसे मिळत होते, तेवढंच काम तो घेणार. बिल्डिंगच्या आवारात ठरलेल्या जागी सामान टाकून तो निघून जाईल. तिथून वर चढवायला माणूस लागेलच. फक्त त्या माणसाला कंपनी सांगेल, 'तू कुठे लांबून आलास? गेटपासून तर आलास!'

'टेक्नॉलॉजी आली की कामं बदलतात, रडायचं काय?' असं म्हणणारे मित्र मलाही आहेत. मला ड्रोनचं वावडं नाही. रवांडात 2016 पासून ड्रोननं रक्ताच्या पिशव्या दवाखान्यांत पोचतात. आपल्याकडे डिसेंबर 2021 मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला कोविडच्या 300 लसी ड्रोननं नेल्या. रस्त्यानं जिथे सुमारे 40 मिनिटं लागतात, तिथे नऊ-साडेनऊ मिनिटांत. अशा ठिकाणी ड्रोन हवाच, आणि सरकारच्या पैशानं हवा. पण मोबाइलचं कव्हर दहा मिनिटं आधी मिळावं म्हणून कोथरूडच्या डोक्यावर पंखे गरगरवणं ही गरज कुणाची?

ज्यांनी हे स्वप्न विकलं त्यांचंच बघा. जेफ बेझोस यांनी डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकन टीव्हीवर ॲमेझॉनचा ड्रोन दाखवला आणि चार-पाच वर्षांत तो घरोघरी येईल असं सांगितलं. दशक उलटून गेलं तरी सेवा मोजक्याच गावांपुरती राहिली. तीही स्वतंत्र घरं आणि मोकळी अंगणं असलेल्या देशात. टेक्सासच्या कॉलेज स्टेशन गावात लोक आवाजाला इतके वैतागले की त्यांनी नगरपालिकेत तक्रारी नेल्या. साहजिकच आहे. पार्सल एकाचं येतं, भुणभुण सगळ्या गल्लीला ऐकावी लागते.

आपल्याकडे गुरुग्रामच्या काही सोसायट्यांत ड्रोननं पार्सलं येऊ लागली आहेत. उद्या पुण्या-मुंबईतही येतील. थांबवणं आपल्या हातात नसेल, पण अट घालणं आहे. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात 2029-30 पर्यंत देशात 2 कोटी 35 लाख गिग कामगार असतील असा अंदाज आहे. एवढ्या लोकांच्या कामाची किंमत फक्त अंतरावर ठरत असेल, तर अंतर मशीननं कापल्यावर त्यांच्या हातात काय उरेल? म्हणून आधी जिन्याचे पैसे ठरवा. गेटवर थांबण्याचे, ओटीपीची वाट बघण्याचे, पाण्याचा कॅन वर नेण्याचे पैसे ठरवा. मग खुशाल उडवा.

माझं ते काम चांगलं होतं असं मी म्हणत नाही. पाठ अजून दुखते. पण माणसाचं ओझं कमी करायचं असतं तर त्यासाठी ड्रोनची वाट बघावी लागली नसती, लिफ्टचं बटण पुरलं असतं.

तेव्हा तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीवर ड्रोन उतरवायचा विषय निघेल, त्या दिवशी एवढं करा. आधी लिफ्टवरच्या पाटीचा विषय काढा.