शेपूट वाकडं, पण कोणाचं?

कुत्र्याचं शेपूट कितीही दिवस नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं म्हणून आपल्या पूर्वजांनी कुत्र्याच्या शिक्षणाचा विषय एका वाक्यात निकालात काढला. त्यांना ते परवडण्यासारखं होतं. त्यांचं कुत्रं अंगणात असे. उरलीसुरली भाकरी खाई, ओटीवर झोपे, रात्री भुंके, आणि भुंकलं म्हणून त्याचं कौतुकच होई. दत्तगुरूंच्या पायाशी त्याला जागा होती, स्वयंपाकघरात मात्र नव्हती. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव एखादेच!

आता अंगण गेलं आणि कुत्रं लिफ्टने चौथ्या मजल्यावर आलं. येताना ते आकाराने लहान झालं. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने पांढऱ्या, केसाळ कुत्र्याची हौस घरोघरी पोचवली. पुढे २००३ साली एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीतल्या पगने मुलांना वेड लावलं. आपण ज्याला सर्रास ‘पॉमेरिअन’ म्हणतो, ते पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतं. पण नावात काय आहे? जागा लहान, तर कुत्रंही लहान, असा सगळ्यांचा सरळ हिशेब. माझी सारी नोकरी बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. त्या सवयीने सांगतो, या हिशेबात एक रकाना भरायचा राहिला आहे. कुत्रं लहान असलं, तरी त्याचं शिक्षण लहान होत नाही.

उलट गंमत पाहा. अल्सेशियनचं पिल्लू पाहुण्यावर गुरगुरलं, तर घरातले लोक दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाचा पत्ता शोधतात. तेच किलो-दीड किलोचं पांढरं पिल्लू गुरगुरलं, तर सगळे हसतात. ‘बघा हो, एवढासा जीव, पण तोरा केवढा!’ म्हणत त्याला कडेवर घेतात. मूर्ती लहान, पण दात काही लहान नसतात, हे सहा महिन्यांनी शेजारच्या मुलाच्या पोटरीला कळतं. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली हजाराहून अधिक कुत्रामालकांची पाहणी प्रसिद्ध केली. लहान कुत्र्यांचे मालक त्यांच्याशी वागताना अधिक विसंगत असतात, त्यांना शिकवण्यात वेळही कमी घालतात, आणि ही कुत्री कमी ऐकणारी व अधिक चिडकी निघतात, असं त्यात दिसलं. थोडक्यात, वाकडेपणाचा उगम शेपटाकडे शोधण्याआधी घराकडे पाहायला हवं.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर असंच एक पिल्लू आलं. नाव बंटी. घरात आजी, नवरा-बायको आणि दोन मुलं. वर्तमानपत्र चाळायला मी रोज तिथे जातो, त्यामुळे बंटीची शाळा मी जवळून पाहिली. त्याने खाली बसावं म्हणून आजी म्हणत, ‘बैस रे सोन्या.’ वडील दरडावत, ‘सिट!’ मुलगी ‘सिट डाऊन’ म्हणे, तर धाकटा ‘बस ना यार!’ सोफ्यावर चढायला वडिलांची बंदी, ते ऑफिसला गेले की आजींची परवानगी. बँकेत सहीचा नमुना जुळला नाही, तर चेक परत जातो. इथे एका खात्यावर पाच जणांच्या पाच तऱ्हेच्या सह्या होत्या, आणि एकही चेक वटत नाही म्हणून बोल मात्र बंटीला!

पाचव्या महिन्यात प्रकरण हातघाईवर आलं. मुलीच्या हातावर ओरखडे, गालिच्यावर डाग, बेल वाजली की सोसायटी डोक्यावर. ‘कुणाच्या तरी फार्महाऊसवर सोडू या,’ असा विचार सुरू झाला. हे फार्महाऊस प्रत्येकाच्या बोलण्यात येतं. प्रत्यक्षात पुष्कळ पिल्लांच्या वाट्याला हमरस्ताच येतो. धाकटा दोन दिवस नीट जेवला नाही. तेव्हा पशुवैद्य बाईंनी घरातल्या सगळ्यांना समोर बसवलं आणि बंटीला नव्हे, त्यांना शिकवायला सुरुवात केली.

त्यांनी सांगितलेलं सगळं शास्त्र साधं आहे. पिल्लू चावतं ते दुष्टपणाने नव्हे. त्याच्या तोंडात सुईसारखे अठ्ठावीस दुधाचे दात असतात आणि साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत ते पडून पक्के येतात. किती जोरात चावायचं नाही, हे ते भावंडांशी खेळताना शिकतं. जोरात चावलं, की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो. हा धडा आई-भावंडांपाशी मिळायचा, म्हणून पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकू नये, असं २०१७ च्या केंद्रीय नियमांतही आहे. आपण मात्र ‘लहानपणीच आणलं की लळा लागतो’ म्हणून महिन्याभराचं पिल्लू उचलून आणतो. मग भावंडांचं काम घराला करावं लागतं. दात लागला, की खेळ बंद. हात मागे घ्यायचा, उठून जायचं, चघळायला दुसरं काही द्यायचं. न ओरडता, आणि प्रत्येकाने.

शू-शीचंही तसंच. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं, की पिल्लाला लागते. त्या त्या वेळी त्याला ठरलेल्या एकाच जागी न्यायचं आणि काम झाल्याबरोबर तिथल्या तिथे शाबासकी द्यायची. तासाभराने डाग सापडल्यावर त्याचं नाक त्यात घासणं हा शुद्ध आडमुठेपणा. ‘अहो, पण त्याला चूक कळते, कसं अपराधी तोंड करतो!’ असं आपण म्हणतो. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली हेच तपासलं. कुत्र्याचं ते ‘अपराधी’ तोंड त्याने गुन्हा केला की नाही यावर नव्हे, तर मालक रागावला की नाही यावर अवलंबून असतं, असं तिला आढळलं. बिचारं आपला चेहरा वाचत असतं!

बेल वाजल्यावरचं भुंकणंही असंच शिकलं जातं. कुरिअरवाला येतो, बंटी भुंकतो, कुरिअरवाला जातो. बंटीच्या दृष्टीने रोज त्याचाच विजय! त्यातून सगळे त्याच्यावर ओरडले, की आपल्याबरोबर सारं घर भुंकतंय असं वाटून त्याला चेव चढत असणार. बाईंनी सांगितलं, बेल वाजली की त्याला एका ठरलेल्या चटईवर न्या, गप्प राहिला की खाऊ द्या. नव्या माणसांची, आवाजांची ओळख तिसऱ्या आठवड्यापासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जितकी सहज होते, तितकी पुढे होत नाही. लसीकरण पुरं होण्याआधी पिल्लाला रस्त्यावर सोडता येत नाही, पण कडेवर घेऊन जग दाखवता येतं. लहान आकाराचा हा खरा फायदा. आपण तो लाडांत उडवतो.

बंटीच्या घरी फ्रिजवर एक कागद लागला. शब्द एकच, ‘बस’. सोफा सर्वांसाठी बंद. खाऊ काम केल्यावर, आणि त्यातला काही भाग रोजच्या जेवणातून वजा. आजींना हे सर्वांत जड गेलं. पण खाऊ द्यायचा मान त्यांच्याकडेच ठेवल्यावर त्या राजी झाल्या. बंटी अजूनही बेल वाजली की दोनदा भुंकतो, नाही असं नाही. पण मग चटईवर जाऊन आजींच्या हाताकडे बघत बसतो. फार्महाऊसचा विषय पुन्हा निघाला नाही.

लहान कुत्रं नीट सांभाळलं तर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. एवढ्या मुदतीचं गृहकर्ज काढताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, जामीनदार शोधतो, हप्ता झेपेल का हे रात्र रात्र मोजतो. पिल्लू मात्र वाढदिवसाच्या संध्याकाळी खोक्यातून येतं. उपाशी-तहानेलं पडेल अशा रीतीने जनावराला सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी घर येतं. पिल्लू आणण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावं आणि कुठे झोपेल, कोण फिरवेल, कोणता शब्द वापरायचा, एवढंच ठरवावं. तेवढ्यावरही एकमत होत नसेल, तर ते पिल्लू त्याच्या आईपाशीच राहू द्यावं.