कुलुपांतील पुस्तकें

प्राथमिक शाळेंतील मुलें वाचीत नाहींत, हें गाऱ्हाणें अलीकडे सर्वत्र ऐकूं येतें. पालक तें शिक्षकांपुढें मांडतात, शिक्षक पालकांपुढें मांडतात, आणि उभयतां मिळून सारा दोष मोबाईलच्या माथीं मारून मोकळे होतात. मोबाईलचा दोष आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या मुलाच्या हातीं पाठ्यपुस्तकावांचून दुसरें पुस्तक कोणी कधीं दिलेंच नाहीं, त्यानें पुस्तक टाकून मोबाईल उचलला, असें म्हणतां येईल काय? जें हातीं आलेंच नाहीं, तें टाकणार कसें?

ग्रामीण भारतांतील मुलांच्या वाचनाची पाहणी 'असर' या नांवानें होत असते. तींत २०२२ सालीं पांचवीच्या मुलांपैकीं शेंकडा ४२.८ मुलांसच दुसरीच्या पुस्तकांतील उतारा वाचतां आला. २०२४ सालीं तें प्रमाण ४८.८ झालें. सुधारणा झाली हें खरें. तथापि पांच वर्षें शाळेंत काढून निम्म्याहून अधिक मुलांस चार ओळींची गोष्ट वाचतां येऊं नये, ही स्थिति कोणत्याही समाजास भूषणावह नव्हे.

वाचन हें पोहण्यासारखें आहे. पाण्यांत उतरल्यावांचून तें येत नाहीं, आणि गोडी लागल्यावांचून कोणी पुनः पाण्यांत उतरत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें व त्यांत वर्तमानपत्रें, मासिकें व गोष्टींचीं पुस्तकें असावींत, असें स्पष्ट सांगितलें आहे. म्हणजे गोष्टीचें पुस्तक ही शाळेची चैन नसून मुलाचा हक्क आहे. परंतु पुष्कळ शाळांत हा हक्क लोखंडी कपाटांत कुलूप लावून ठेविलेला आढळतो. १५ ऑक्टोबरला, २०१५ पासून पाळल्या जाणाऱ्या वाचन प्रेरणा दिनीं, तें कपाट उघडतें, पुस्तकें मेजावर मांडलीं जातात, भाषणें होतात, आणि सायंकाळीं कुलूप पुनः लागतें.

याबद्दल केवळ शिक्षकांस दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. पुस्तक नोंदवहींत चढलें कीं त्याचा हिशेब शिक्षकाकडे येतो. तें हरवलें अथवा फाटलें तर जाब त्यास द्यावा लागेल, ही धास्ती त्याच्या मनांत असते. उलट वर्षभर कोणीं तें उघडलेंच नाहीं तर त्यास कोणी कांहीं विचारीत नाहीं. अशा व्यवस्थेंत शहाणा मनुष्य कुलूपच लावणार! आमचें म्हणणें असें कीं हा नियम उलटा करावा. वाचून फाटलेलें पुस्तक निमूटपणें नोंदवहींतून कमी करावें, आणि कोरें राहिलेल्या पुस्तकाचा जाब तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यानें विचारावा.

गरिबांचीं मुलें पुस्तकें फाडतील, असा आक्षेप कोणी घेतील. ज्या घरीं पुस्तकच नाहीं त्या घरचें मूल तें हाताळावयास शिकणार कोठें, याचें उत्तर त्यांनीं द्यावें. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं आपल्या राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. पण तेवढ्यावर ते थांबले नाहींत. १९१० सालीं त्यांनीं अमेरिकेंतून बोर्डन या ग्रंथपालास बोलाविलें, आणि पुढें लांकडी पेट्यांत भरून पुस्तकें खेडोपाडीं फिरूं लागलीं. पुस्तकांची झीज होईल म्हणून पेट्या बडोद्यासच राहिल्या नाहींत. आज रस्ते आहेत, वाहनें आहेत, मुद्रण सुलभ आहे. मग अडलें कोठें?

पुस्तकांची वाणही नाहीं. १९०६ सालीं वा. गो. आपटे यांनीं मुलांसाठीं 'आनंद' मासिक काढलें. १९७१ पासून बालभारतीचें 'किशोर' निघत आहे. मात्र मेळघाटांतील कोरकू किंवा नंदुरबारकडील भिल्ल बालकास त्याच्या घरच्या बोलींतील गोष्टही मिळाली पाहिजे. ओळखीच्या शब्दाचा हात धरूनच मूल अनोळखी शब्दाकडे जातें.

यास मोठा खर्च नको. शाळेंत रोज अर्धा तास मुलांस मनाजोगें पुस्तक वाचूं द्यावें. त्यावर प्रश्न नकोत, गुण नकोत, तात्पर्य तर नकोच नको. ज्यांस अजून वाचतां येत नाहीं त्यांस गुरुजींनीं अथवा बाईंनीं मोठ्यानें गोष्ट वाचून दाखवावी, आणि गोष्ट रंगांत आली असतां पुस्तक मिटावें. उद्यां तें उघडण्यास मुलें आपण होऊन येतील. पुस्तक घरीं न्यावयास द्यावें. आई निरक्षर असली तरी नातवंडाच्या तोंडून गोष्ट ऐकावयास आजी बसेल, शेजार जमेल, आणि त्या घरांत पहिलें पुस्तक मुलाच्या हातानें शिरेल.

मुलांस वाचनाची आवड नाहीं असा निवाडा करण्यापूर्वीं वडील मंडळींनीं एवढेंच करावें: आपल्या गांवच्या शाळेंत जावें, कपाटाची किल्ली कोणाकडे आहे तें विचारावें, आणि कपाट उघडें राहील अशी व्यवस्था करावी. त्यानंतरही मुलें पुस्तकांकडे फिरकलीं नाहींत, तर तीं दोषी ठरतील. तूर्त तरी दोष आपला आहे.